बगळा आणि चरबीची पिंपं

सोमवार, ३ तारीख

ही वही मुकादमाने शिक्षा म्हणून दिलीये. कारण फालतू आहे. मी ऑफिसच्या दाराच्या मुठीला मागच्या बाजूने बोटभर चरबी लावली होती. मुकादमाने मूठ धरली, दार उघडलं आणि तोच हात पुढे करून एका गिऱ्हाइकाच्या हातात दिला. गिऱ्हाइकाने हात नाकाजवळ नेला. त्याचा चेहरा बघून मला पिंपामागे बसून तोंडात रुमाल कोंबावा लागला.

"रोज संध्याकाळी आज काय चुकलं ते लिहायचं आणि शनिवारी मला दाखवायचं," मुकादम म्हणाला. "नववी नापासाला तेवढं जमेल ना?"

जमेल की. त्याला दाखवायचं ते मी पुढून लिहिते. 'आज मी चुकून हसले. परत हसणार नाही.' आणि हे मागून लिहितेय, ते माझं. तो वही उलटी करायचा नाही. सरळ वाचतानाच त्याला ओठ हलवावे लागतात.

आमच्या कारखान्यात काय बनतं असं कोणी विचारलं तर मी सांगते, अत्तर. खरं म्हणजे खानावळींचं जळकं तेल आणि खाटकांकडची उरलेली चरबी पिंपं भरभरून येते. ती वितळवायची, गाळायची, साबणवाल्यांना पाठवायची. रिकामी पिंपं धुऊन परत करायची. भरलेलं एक पिंप पावणेदोनशे किलोचं. झाकण उघडलं की वर पिवळी साय, सायीवर केस. त्याखाली काय असतं ते लिहीत नाही, आत्ताच जेवलेय.

मी अंगणात असते. पिंपांवरचे जुने कागद खरवडायचे, नवे डकवायचे. आत्या धुण्याच्या शेडमध्ये. तिथे पिंप आडवं टाकतात, त्यात कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी मारतात आणि आत्या कमरेपर्यंत आत शिरून तारेच्या घासणीने घासते. बाहेरून नुसते दोन पाय दिसतात. एकदा मी त्या पायांना गुदगुल्या केल्या, तर आतून अशी शिवी आली की पिंप घुमलं. अकरा वर्षं ती हेच करतेय. आई गेली आणि मी तिच्याकडे राहायला आले तेव्हापासून. तिला घाणीची सवय झालीये. मला होत नाही. घरी आलो की मी खिडकीत बसते आणि तिला दाराकडे बसवते.

बुधवार, ५ तारीख

पैलवान आडवा झाला.

पैलवान म्हणजे आमचा पिंपं हलवणारा. पैलवानासारखं त्याचं फक्त पोट आहे. पण भरलेलं पिंप तिरकं करून एका काठावर उभं करायचा आणि दोन हातांनी फिरवत फिरवत पार धक्क्यापर्यंत न्यायचा, तोंडाने माझ्याशी भांडत. आज ट्रकवरून उतरवलेलं पिंप त्याच्या अंगावर झुकलं. त्याने पाठ लावली. सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला, मला लांब उभं राहून ऐकू आला.

मुकादम धावत आला आणि पहिलं काय बोलला, तर "पिंप चेपलं का बघा."

चरबीची किळस वेगळी. ती धुता येते.

पैलवानाला फळीवर घालून नेलं. जाताना म्हणाला, "ए टवळे, माझ्या डब्यात काय काय टाकलंयस ते आता तरी सांग." आज काहीच नव्हतं टाकलं. ते सांगताना मला वाईट वाटलं.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "बये, कुडत्याची बटणं सोड जरा." म्हटलं, महाराणी, दासी हजर आहे. हल्ली हिचे लाड फार वाढलेत. बटणं मी सोडायची, सुईत दोरा मी ओवायचा, किल्ली मी फिरवायची. आणि उकळतं पातेलं मात्र फडक्याशिवाय उतरवणार, मला दाखवायला, की बघ मी किती जिगरीची.

शनिवार, ८ तारीख

पैलवानाच्या जागी गाडा आणलाय. हातगाडा म्हणायचा, पण हातगाड्यासारखा आडवा नाही, उभाच्या उभा. खाली दोन चाकं आणि दोन पंजे, वर लांब दांडे, मध्ये एक लोखंडी आकडा वरखाली सरकणारा. विकणाऱ्या माणसाने करून दाखवलं. गाडा पिंपाला चिकटवायचा, पंजे बुडाशी घालायचे, आकडा वरच्या काठावर अडकवायचा, पाय चाकांमधल्या आसावर द्यायचा आणि दांडे आपल्याकडे ओढायचे. पिंप गपकन मागे येतं आणि गाड्याच्या मांडीवर बसतं. मग तोल साधला की पावणेदोनशे किलो एका हाताने जातात.

मी म्हटलं हा तर बगळा. एका पायावर उभा, मान लांब, वर चोच. दुपारपर्यंत सगळे बगळाच म्हणायला लागले. मुकादमसुद्धा म्हणाला, मग स्वतःवरच चिडला.

एक गोष्ट तो विकणारा दोनदा बोलला. आमच्याकडची पिंपं अख्ख्या झाकणाची. झाकणाभोवती लोखंडी कडं असतं आणि कड्याची दोन टोकं नट-बोल्टने आवळलेली. चोच अडकते ती त्या कड्यालाच. म्हणून उचलायच्या आधी नट घट्ट आहे ना, ते दर पिंपाला बघायचं. नाहीतर चोचीबरोबर कडं येईल, कड्याबरोबर झाकण आणि मग सगळंच.

बगळा चालवायला एक माणूस कायमचा नेमणार. पुढच्या शनिवारी मालकांसमोर परीक्षा. परीक्षेला माणूस एकच, मुकादमाचा मेहुणा. याला मी पावडर म्हणते. मानेला इतकी पावडर लावतो की घाम आला की त्याची खीर होते.

सोमवार, १० तारीख

आज आत्याने कमाल केली.

मालक सोमवारी येतात ते गाडीतून उतरतच नाहीत. वास येतो म्हणून काच बोटभर खाली करतात आणि तेवढ्यातून कारखाना चालवतात. आत्या शेडमधून तशीच बाहेर आली, कोपरापर्यंत काळीकुट्ट, आणि सरळ त्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली, "मालक, मला बगळा चालवून बघायचाय."

"काय चालवायचंय?"

"नवा गाडा. ताकद लागत नाही, तोल लागतो असं तो माणूस म्हणाला. तोल मला आहे. अकरा वर्षं आत आहे मी, मला आता शेडमधून बाहेर यायचंय."

मुकादम हसला. "मालक, बाईमाणूस. पाय मोडून घेईल."

"पैलवान काय बाई होता?" आत्या म्हणाली.

मालकांना काच वर करायची घाई होती. "बघू दे तिलाही. शनिवारी दोघांची परीक्षा घ्या. चांगला जो उचलेल तो." आणि काच बंद.

पावडर तिथेच उभा होता. म्हणाला, "काकू, तुमचं एक बरं असतं. आधी वास येतो, मागून तुम्ही. कुणी दचकत नाही." सगळे हसले. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं, जोक माझ्याच तोडीचा होता. मग आत्याकडे बघितलं. ती हात पुसत होती. पुसून काही होत नाही हे माहीत असून पुसत होती. तेव्हा हसू घशातच राहिलं आणि फार वेळ कडू लागत राहिलं.

बुधवार, १२ तारीख

जेवायच्या सुट्टीत आमची प्रॅक्टिस चालते. पिंपात पाणी भरतो आणि आत्या ते धक्क्यावर नेते, परत आणते. मी मोजते आणि शिव्या देते. पहिल्या दिवशी बगळा तिला घेऊन मागे मागे पळाला आणि ती भिंतीला टेकली. आज मात्र अशी ओढून घेतली पिंपं की जणू पोराला कडेवर घेतेय. आसावर पाय, एक श्वास, हाप्प, आणि पिंप मांडीवर. मी म्हटलं, आत्या, तू बगळ्याशी लग्न कर. म्हणाली, माणसापेक्षा बरा आहे, जिथे उभा करावा तिथे उभा राहतो.

दर पिंपाला ती नटावर अंगठा दाबते, डोळे मिटून. "हे चुकवायचं नाही," म्हणते. मला मास्तरणीसारखं सांगते. मी जांभई देते.

बगळा चालवायला मिळाला की मिरवेल चांगली, आणि मिरवू दे. घरात निदान वास तरी कमी येईल.

शुक्रवार, १४ तारीख

पावडरने एकदाही प्रॅक्टिस केलेली नाही. आज कळलं का. मुकादम त्याला सांगत होता, मी पिंपामागे कागद खरवडत होते, त्यांना दिसले नाही. "मालकांना दोन मिनिटं दाखवायचं. कागद मी आधीच भरून ठेवलाय. बाईला काय, एक चक्कर मारू दे, म्हणजे तिचंही समाधान."

आपण हसायचं म्हणून लोकांना फसवतो, हे लोक न हसता फसवतात.

तर मी एक केलं. उद्यासाठी सहा पिंपं मांडलीत, डावीकडची तीन पावडरची, उजवीकडची तीन आत्याची. मुकादमाने खडूने लिहूनच ठेवलंय. कामाची सुट्टी झाल्यावर पाना घेऊन डावीकडच्या मधल्या पिंपाचा नट ढिला केला. दोनच आटे ठेवले. दिसायला जागच्या जागी, पण बोट लावलं तर खुळखुळतो. पावडर काही बोट लावणार नाही, त्याला बोटं खराब झालेली चालत नाहीत. ते पिंप सगळ्यात जुनं आहे, तीन आठवडे उन्हात फुगतंय. आतून ढेकर दिल्यासारखा आवाज येतो.

मालकांसमोर पावडरची आंघोळ. आणि बगळा आत्याला. आजची झोप मस्त लागणार.

शनिवार, १५ तारीख

कसं लिहू. लिहिते.

मालक अकराला आले. आज गाडीतून उतरले, नाकाला रुमाल, पायात पांढरे बूट. ऊन इतकं होतं की पिंपांचे पत्रे टणटण वाजत होते. आतली चरबी पाणी झाली असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं.

पावडरला घाम फुटला होता. त्याने मुकादमाच्या कानात काहीतरी सांगितलं. मुकादम म्हणाला, "आधी बाईंना करू दे. मोठ्यांचा मान." म्हणजे पावडरला बघून शिकता येईल. आणि म्हणाला, "डावीकडून सुरू करा, बाई. दाराजवळ आहेत ती."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण काय सांगणार होते? सांगितलं असतं तर परीक्षा तिथेच मोडली असती, मी गेटबाहेर आणि आत्या परत शेडमध्ये. आणि मला वाटलं, काळजी कशाला, आत्या अंगठा लावणारच. तिचा अंगठा लगेच पकडेल. पकडला की मालकांसमोर तिचाच भाव वाढेल. असा सगळा हिशोब मी एका श्वासात केला आणि तोंड मिटलं.

पहिलं पिंप लोण्यासारखं गेलं. मालक मान डोलवायला लागले.

दुसरं. आत्याने नटावर अंगठा ठेवला. डोळे मिटले. दाबला. मी मनात म्हणत होते, आता थांबेल, आता पाना मागेल. तिने मान डोलावली. चोच अडकवली, पाय दिला, हाप्प.

कडं सुटलं ते थाळी वाजावी तसं. झाकण उडून बाजूला पडलं. पिंप अर्धं मागे आलेलं, तोंड तिच्याकडे. अख्खं पिंप तिच्या अंगावर रिकामं झालं. डोक्यावरून, तोंडावरून, कुडत्याच्या आत. करडं, त्यात लोंबणारी कातडी, त्यात एक शेपूट. ती बगळ्यासकट पाठीवर पडली आणि पिंपाचा काठ तिच्या नडगीवर बसला. ती ओरडायला गेली तर तोंडात ते गेलं.

पहिल्यांदा कोणीच पुढे झालं नाही. सगळ्यांनी नाक धरलं. मालक वळले आणि स्वतःच्या पांढऱ्या बुटांवर ओकले. एरवी मी हे बघण्यासाठी महिन्याचा डबा सोडला असता.

आणि मी? मीही नाक धरलं होतं. आधी धरलं, मग धावले. हा क्रम मला माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही.

मुकादम लांबूनच म्हणाला, "म्हणून सांगत होतो, मालक." पावडरला बगळा मिळाला, एकही पिंप न उचलता.

रविवार, १६ तारीख

चार वेळा आंघोळ घातली. केसांचा वास जात नाही. शेवटी कापले, तिनेच सांगितलं. नडगी मोडलेली नाही, पण काळीनिळी झालीये.

दिवसभरात एकच वाक्य बोलली. "मी बघितला होता नट."

मी म्हटलं, हो.

मंगळवार, १८ तारीख

काल ती लंगडत कामाला गेली, परत शेडमध्ये. आज मी तिच्यावर चिडले होते. तिच्यावर चिडणं सोपं होतं. माझं म्हणणं एकच, इतका खुळखुळणारा नट हिला कळला कसा नाही? घाईत नुसतं नाटक केलं असणार, मालकांसमोर स्टाईल. म्हणजे चूक अर्धी तिची. असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते, बऱ्यापैकी पटतही होतं.

संध्याकाळी ती भिंतीला टेकून पैलवानाची खुशाली सांगत होती, उठून बसायला लागला म्हणे. तिचा हात माझ्याजवळ, तळवा वर. माझ्या हातात सुई होती, तिच्याच कुडत्याचं बटण लावत होते. गंमत म्हणून तिच्या अंगठ्याला सुई टोचली. ओरडेल, मग मी हसेन, मग ती मारेल, मग सगळं आधीसारखं होईल.

ती बोलतच राहिली. "सून चांगली आहे त्याची, मीठ न घातलेलं देते." मी अजून टोचली. रक्ताचा थेंब आला. ती म्हणाली, "काय बघतेस?"

मग तिने खाली बघितलं. हात ओढून घेतला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अंगठे वर्षभर. बाकीची आता आता." जसं काय बसचं वेळापत्रक सांगतेय. "डॉक्टरला दाखवलंय. गेलं ते गेलं म्हणाला. हात त्या पाण्यातून बाहेर काढलेत तर पुढचं थांबेल. म्हणून तर बगळा. कुणाला सांगू नकोस, बोटांना काही लागत नाही असं कळलं तर मुकादम झाडूलाही ठेवणार नाही."

बटणं. किल्ली. पातेलं. आणि मी महाराणी महाराणी करत होते.

बाहेर जाऊन गटाराशी उभी राहिले. काही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, १९ तारीख

मालकांना निरोप धाडला, गेल्या शनिवारचं खरं सांगायचंय. आले. काच बोटभर. मी तोंड फटीला लावलं.

"नट मी ढिला केला होता. ते पिंप पावडरसाठी होतं."

"पावडर कोण?"

मी मुकादमाच्या मेहुण्याकडे बोट केलं. त्याने मान पुसली.

"कशासाठी केलंस?"

"त्याची अंघोळ बघायला. आत्याने बरोबरच उचललं होतं, मालक. पहिलं पिंप आठवा."

मालकांनी पिंपांच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाले, "पण ती तर हात लावून बघत होती. मी पाहिलं. तिला कळलं कसं नाही?"

अंगठ्याचं सांगितलं तर आत्या संपली. "मालक, मी नटाच्या फटीत थिजलेली चरबी ठासली होती," मी म्हटलं. "माझ्या बापालाही कळलं नसतं. त्यात मी पटाईत आहे, मुकादमांना विचारा, दाराच्या मुठीचं." खोटं सुचायला मला कधी वेळ लागत नाही. हे सांगताना पहिल्यांदा जीभ जड झाली.

आणि लगेच पुढचं सांगून टाकलं, काल रात्रभर तेच डोक्यात होतं. नट आवळला की नटावरून कड्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. लांबून, डोळ्यांनी. अंगठा लावायची गरजच नाही, कोणाचाही अंगठा असो.

काच चार बोटं खाली आली. "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. ढिला करणाऱ्यालाच माहीत असतं पकडायचं कसं."

"शनिवारी परत घ्या परीक्षा," मालक मुकादमाला म्हणाले. "आणि हिला काढून टाका."

मुकादम खूश झाला, पण अर्धाच. "मालक, समजा बाई बगळ्यावर गेली, तर शेडमध्ये कोण? मागच्या वर्षी तीन बायका आल्या, तिघी जेवायच्या सुट्टीआधी पळाल्या. बाई तिथेच बरी आहे. सरावलीये."

तेव्हा मला दिसलं काय होणार. आत्या तिन्ही पिंपं उचलेल, सगळे वा म्हणतील आणि आठवड्याने शेडमध्ये माणूस नाही म्हणून तिलाच परत आत घालतील.

"मी जाते शेडमध्ये," मी म्हटलं. "काढू नका. आत घाला."

मालक म्हणाले, "हरकत नाही." मुकादम तर हसलाच, त्याच्या मनासारखी शिक्षा होती.

आत्या केव्हा मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने मला वळवलं आणि सगळ्यांसमोर कानाखाली दिली. त्या हाताला लागलं नसेल, मला लागलं.

घरी मी म्हटलं, नट ढिला केला त्याबद्दल अजून मार, मी उभी आहे.

"नटाबद्दल नव्हती ती," आत्या म्हणाली. "नटाचं मला शनिवारीच कळलं होतं. असले धंदे दुसरं कोण करतं?" भात ढवळत राहिली. मग म्हणाली, "तू सोळाची झालीस तेव्हा मुकादम म्हणाला होता, पोर बारीक आहे, पिंपात सहज जाईल, आणा. मी म्हटलं, पोरीला नको, मीच बारीक होते."

मला वाटायचं तिला सवय झालीये.

शनिवार, २२ तारीख

पावडर आसावर पाय द्यायला विसरला. दांडे ओढले तर पिंप हललं नाही, तोच वर उचलला गेला आणि वाळत घातलेल्या शर्टासारखा लटकला. कोणी सोडवायला गेलं नाही. नंतर म्हणाला पाठीत उसण भरली.

आत्याने तिन्ही पिंपं नेली. प्रत्येक वेळी आधी वाकून पांढरी रेघ बघितली. नडगी दुखत असणार, चेहऱ्यावर काही नव्हतं. मालक म्हणाले, ठीक. तेव्हा ती काचेशी गेली आणि म्हणाली, "मालक, पोरीला खांद्यापर्यंतचे हातमोजे पाहिजेत. दर महिन्याला नवे. आणि ती शेडमध्ये तीन महिने, त्यावर एक दिवस नाही. नसेल जमत तर तुमचा बगळा इथे उभा आहे."

मुकादम म्हणाला, "अकरा वर्षांत तुम्ही कधी मागितले नाहीत हातमोजे."

"मागितले होते," आत्या म्हणाली. "तुमच्याकडे मागितले होते."

मालकांनी मुकादमाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. हातमोजे मंजूर झाले.

घरी येताना माझ्याशी बोलली नाही. तीन महिने बोलणार नाही असं दिसतंय. जेवायला मात्र वाढलं.

सोमवार, २४ तारीख

आज शेड.

हातमोजे नवे कोरे, निळे, आत पांढरी पावडर. पिंप आडवं टाकलं, मी आत शिरले. आत अंधार नाही, हे मला माहीत नव्हतं. पिवळा उजेड असतो, सगळीकडून चरबीतून आल्यासारखा. श्वास घेतला की तोंडात जिभेवर थर बसतो, श्वास सोडला की पत्र्यावर आपटून तोच परत येतो. कडेला दातासारखं काहीतरी चिकटलेलं. मी घासणी लावली तर ते हललं. माझाच आवाज मला कानाशी येऊन विचारत होता, झालं का, झालं का. बाहेर अंगणात बगळ्याची चाकं वाजली, माझ्या पिंपाशी येऊन थांबली.

"हातमोजे कोपराच्या वर ओढ," आत्या म्हणाली. चार दिवसांतलं पहिलं वाक्य.

"ओढलेत."

"अजून ओढ. आणि तोंडाने श्वास घेऊ नकोस."

मग चाकं गेली. अकरा वर्षं म्हणजे दिवसाला वीस धरली तरी किती पिंपं, असा हिशोब करायला घेतला, तो मला येत नाही. आजची माझी सहा झाली. तिसऱ्यात ओकले. मग तेही मलाच घासावं लागलं.